आवाज येतो, पण शब्द लागत नाही

पत्र : मी ५६ वर्षांची आहे. राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टमधल्या एका बँकेत. पस्तिशीपासून ऐकणं हळूहळू कमी होत गेलं. बरीच वर्षं दोन्ही कानांना मशीन लावत होते. डाव्या कानाला काहीच उपयोग होईना, म्हणून पाच वर्षांपूर्वी तिथलं काढून ठेवलं. आता उजव्या कानालाही आवाज येतो, पण बोलणं कळत नाही. फोन मुलगी घेते. बँकेत मला काउंटरवरून उठवून आत बसवलं आहे. ईएनटी डॉक्टरांनी कॉक्लियर इम्प्लांट सुचवलंय. घरचे म्हणतात, ते मेंदूचं ऑपरेशन असतं आणि लहान मुलांसाठीच असतं. शेजारच्या आजोबांनी केलं होतं, त्यांचं मशीन कपाटात पडून आहे. त्यापेक्षा एखादं भारीतलं मशीन घेतलं तर? आणि करायचंच तर चार वर्षांनी निवृत्त झाल्यावर करू का? लोकलची गर्दी आणि पावसाळा यांत ते टिकतं का?
– एक वाचक, डोंबिवली

ताई,

भारीतल्या मशीनपासून सुरुवात करू, कारण लाखभर रुपये बहुतेकदा तिथेच जातात.

आतल्या कानात शंखासारखा वळलेला एक भाग असतो, कॉक्लिया. त्यात ध्वनी पकडून नसेकडे पाठवणाऱ्या मुख्य पेशी जेमतेम साडेतीन हजार असतात. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी त्यांची जागा ठरलेली असते : शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच पट्टीचे आवाज आणि आत टोकाशी खर्जातले. हळूहळू येणाऱ्या बहिरेपणात बहुधा आधी तोंडाजवळच्या पेशी जातात. आपल्या बोलण्यातले स्वर खर्जातले आणि जोरकस असतात. स, श, ट, ख, फ ही व्यंजनं उंच पट्टीतली आणि क्षीण असतात. म्हणून ताक, ताट, ताप, तास या चारही शब्दांतलं ‘ता’ तुम्हाला येतं आणि शेवटचं अक्षर गळतं. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

कानाचं मशीन आवाज मोठा करतं. पेशी थोड्याफार शिल्लक असतील तोवर त्याचा छान उपयोग होतो. पेशीच उरल्या नसतील तर मोठा केलेला आवाज घ्यायला तिथे कुणी नाही. मग महागड्या मशीनमधून फक्त आणखी मोठं ‘ता’ येतं, वर डोकं दुखतं. ब्लूटूथ, जास्त चॅनेल, गोंगाट कमी करण्याची सोय, हे सगळं उरलेल्या पेशींवर अवलंबून आहे.

तरीही इम्प्लांटचा निर्णय घेण्याआधी आत्ताचं उजव्या कानाचं मशीन नीट तपासून घ्या. इअरमोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) सैल झाला असेल, किंवा मशीन जुन्या ऑडिओग्रामवरच (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर) लावलेलं असेल, तर ते कानाला गरजेपेक्षा कमी आवाज देतं, आणि मशीनचा दोष कानाच्या माथी बसतो. कानात बारीक नळी घालून, मशीन प्रत्यक्ष किती आवाज देतंय हे मोजता येतं. ती मोजणी मागून घ्या. त्यानंतर, मशीन लावलेलं असतानाच, साउंडप्रूफ खोलीत शब्द ओळखण्याची चाचणी करा. ओठ दिसता कामा नयेत आणि आवाज नेहमीच्या बोलण्याइतकाच हवा. नुसता ऑडिओग्राम पाहून ‘इम्प्लांट करा’ म्हणणं अपुरं आहे. ठरवायचं ते या चाचणीवर. ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ) ६०-६० असा एक सोपा निकष वापरतात : त्यातल्या त्यात चांगल्या कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची सरासरी पातळी ६० डेसिबल किंवा त्याहून वाईट, आणि एकेरी शब्दांपैकी ६० टक्के किंवा त्याहून कमी ओळखता आले, तर इम्प्लांटसाठी तपासणी करून घ्यावी. हा तपासणीला पाठवण्याचा निकष आहे, ऑपरेशनचा हुकूम नव्हे. तुमच्या वर्णनावरून तुम्ही त्यात बसाल असं वाटतं.

इम्प्लांट मेलेल्या पेशींना वळसा घालतं आणि थेट नसेला विजेचे सूक्ष्म ठोके देतं. कानामागे अडकवायच्या प्रोसेसरमध्ये मायक्रोफोन आणि बॅटरी असते. तो आवाजाचे पट्ट्यांनुसार तुकडे करतो. एका बारीक वायरीने ते कॉइलकडे जातात. ही चपटी चकती चुंबकाने डोक्याला चिकटते. त्वचेच्या आत तिच्या समोरच रिसीव्हर बसवलेला असतो आणि त्यातून निघालेली इलेक्ट्रोडची तार कॉक्लियात सरकवलेली असते. कंपनीप्रमाणे तारेवर १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. साडेतीन हजार पेशींच्या जागी फार तर २२! बोलणं समजायला एवढे पुरतात, हे या शोधाचं खरं आश्चर्य. पण गाण्यातले सूर, हरकती आणि गोंगाटातलं बोलणं यांना ते कमी पडतात. भीमपलास पूर्वीसारखा ऐकू येईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता घरच्यांचे दोन मुद्दे. ‘लहान मुलांसाठीच’ हा समज आपल्याकडे सरकारी योजनेमुळे झाला असावा, कारण दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतलं इम्प्लांट मुलांसाठी आहे. प्रत्यक्षात अमेरिकेत १९८४ साली पहिली मान्यता मिळाली ती मोठ्या माणसांसाठी. मुलांचा नंबर १९९० साली लागला. फरक इतकाच, की जन्मतः बहिऱ्या मुलाच्या बाबतीत पहिली काही वर्षं गेली तर मेंदूत भाषेचा पाया बसत नाही, म्हणून तिथे घाई असते. तुमचा पाया पक्का आहे. पस्तिशीपर्यंत तुम्ही मराठी ऐकलेली आहे, आणि नव्या आवाजाला जुने शब्द जोडणं मेंदूला जमतं.

‘मेंदूचं ऑपरेशन’ म्हणायचं तर मेंदू उघडत नाहीत. पूर्ण भूल देतात, कानामागे छेद घेतात, तिथलं हाड कोरून मधल्या कानात वाट काढतात आणि कॉक्लियाच्या खिडकीतून तार सावकाश आत सारतात. दोन-तीन तासांचं काम. टेबलावरच प्रत्येक इलेक्ट्रोड चालतोय ना आणि नस प्रतिसाद देतेय ना, हे मोजून पाहतात. त्याआधी सीटी स्कॅन हाडाची वाट दाखवतो, तर एमआरआय नस आणि कॉक्लियातली पोकळी. न्यूमोकोकसची लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. ही लस विसरली जाते, तेव्हा आपणहून विचारा. चेहऱ्याची नस त्या वाटेच्या अगदी शेजारून जाते, म्हणून ऑपरेशनभर तिच्यावर मॉनिटर लावतात. तिला इजा क्वचित होते. काही दिवस चक्कर येणं किंवा जिभेच्या एका बाजूला चव बदलणं मात्र बऱ्याच जणांना होतं. आणखी एक : त्या कानात जे थोडंफार ऐकणं उरलंय तेही जाऊ शकतं. हे सही करण्याआधी माहीत असलं पाहिजे.

म्हणूनच कोणता कान, हा प्रश्न महत्त्वाचा. डावा कान पाच वर्षं रिकामा आहे. तो काळ फार नाही. उजव्याला मशीनने खर्जातलं थोडं मिळतंय. बहुतेक तज्ज्ञ तुमच्याबाबतीत डाव्याला इम्प्लांट आणि उजव्याला मशीन हाच विचार करतील : डावा शब्द देईल, उजवा आवाजाचा भरीवपणा आणि गाण्यातला खर्ज. स्कॅनमध्ये डाव्या कॉक्लियात हाड वाढलेलं दिसलं तर हे गणित बदलेल.

निवृत्तीपर्यंत थांबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कान जितकी जास्त वर्षं आवाजाविना राहतो तितका निकाल कच्चा येतो, आणि चार वर्षांत डाव्याची पाचाची नऊ वर्षं होतील. शिवाय नोकरीत माणसं आहेत, बोलणं आहे, म्हणजे रोजचा सराव आहे. निवृत्तीनंतर बहुधा घर आणि टीव्ही. बँकेचा गटविमाही नोकरीत असतानाच हाताशी असतो. त्यात इम्प्लांट बसतं का, बाहेरचा प्रोसेसर त्यात धरतात का आणि मर्यादा किती, हे तिन्ही लेखी विचारा. ‘शस्त्रक्रिया कव्हर आहे’ एवढं तोंडी उत्तर पुरेसं नाही, कारण मोठा खर्च उपकरणाचा असतो आणि तो मॉडेलप्रमाणे काही लाखांपासून दहा लाखांच्या पुढे जातो. तपासणी आणि सल्ल्यासाठी मुंबईत सरकारी वाटा आहेत : वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाचा ऑडिओलॉजी विभाग. खाजगी ठिकाणी ऑपरेशन करणार असाल तरी दुसरं मत इथे घेता येईल.

ऑपरेशननंतर दोन आठवडे लोकल टाळा. जखमेवर कुणाचं कोपर बसलं तर सगळंच लांबतं. साधारण तीन आठवड्यांनी ‘स्विच ऑन’ होतं. त्या दिवसाचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांत माणसं आनंदाने रडताना दिसतात. ते खोटे नसतात, पण त्यावर भरवसा ठेवून जाल तर निराश व्हाल. पहिल्या दिवशी बहुतेकांना शिट्ट्या, टिंगटिंग, किंवा सगळ्यांचा एकसारखा खेळण्यातला आवाज ऐकू येतो. मुलीचा आणि नवऱ्याचा आवाज वेगळा ओळखता येत नाही. यात बिघाड काही नसतो. मेंदूला हे ठोके नवे असतात एवढंच. ऑडिओलॉजिस्ट प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी किती वीज दिली की जेमतेम आवाज येतो आणि किती दिली की मोठा पण सुसह्य वाटतो, हे ठरवतो. यालाच मॅपिंग म्हणतात. पहिला मॅप मुद्दाम हळू ठेवतात, पुढे तो वाढवत नेतात. पहिल्या महिन्यात दोन-तीनदा, मग तिसऱ्या, सहाव्या महिन्यात आणि वर्षाने जावं लागतं. मॅपिंग त्या त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर होतं. म्हणून कंपनी निवडताना इलेक्ट्रोडच्या आकड्यांपेक्षा डोंबिवली-ठाण्याच्या पट्ट्यात त्या कंपनीचं मॅपिंग कोण करतं आणि सुटे भाग कुठे मिळतात हे आधी पाहा. २२ म्हणजे १२ च्या दुप्पट ऐकू येईल, असा हिशेब नसतो.

शेजारच्या आजोबांचं मशीन कपाटात का गेलं असेल, याची उत्तरं बहुतेक वेळा ठरलेली असतात. एकदाच मॅपिंग झालेलं. आवाज कर्कश लागतो म्हणून दिवसातून तासभरच लावलेलं. सोबत बसून सराव घेणारं कुणी नाही. मग एक दिवस कॉइलची वायर तुटली आणि पुढची वायर कुणी आणलीच नाही. बाहेरच्या भागांत सर्वांत आधी जाते ती हीच वायर. एक जास्तीची घरात ठेवाच. आजोबांच्या घरच्यांना हेही सांगा, की आतला भाग शाबूत असेल तर नवा मॅप आणि नवी वायर घेऊन ते आजही सुरू करता येईल.

तुम्ही काय करायचं : सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत प्रोसेसर कानावर. आंघोळ सोडून सुट्टी नाही. रोज अर्धा-पाऊण तास, पंखा आणि टीव्ही बंद करून, उजव्या कानाचं मशीन काढून सराव करायचा. ते काढलं नाही तर सगळं काम उजवा कानच करतो आणि डावा शिकत नाही. सुरुवात आ, ई, ऊ, म, श, स या सहा आवाजांनी. मुलीने एक मीटरवर बसून तोंडासमोर कागद धरायचा (हाताने तोंड दाबलं तर आवाज घुसमटतो), तुम्ही ऐकून म्हणायचं. हे रोज सकाळी एक मिनिटात होतं आणि मशीन बिघडलंय का तेही यातूनच कळतं : काल येणारा ‘स’ आज येत नसेल तर गडबड मायक्रोफोनची किंवा मॅपची आहे.

त्यानंतर यादीतले शब्द. तुमच्यासाठी हाताशी यादी आहे ती मध्य रेल्वेच्या स्टेशनांची. आधी लांबीत फरक असलेली : दिवा की घाटकोपर? मग जवळची : कळवा की कुर्ला, मुलुंड की मुंब्रा. कोणता शब्द येऊ शकतो हे माहीत असतं तेव्हा मेंदूचा निम्मा भार हलका होतो; नव्या कानाला तेच हवं असतं. काही आठवड्यांनी हीच यादी गाडीत वापरा. पुढचं स्टेशन कोणतं हे तुम्हाला ठाऊकच आहे आणि घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत होते. डब्यातल्या गलक्यात ती वेगळी काढता येऊ लागली की समजा गाडी पुढे सरकली.

बँकेसाठी आकड्यांचा वेगळा सराव हवा, कारण मराठी आकडे इम्प्लांटवाल्या कानाला छळतात. सदतीस आणि सत्तावीस, एकोणचाळीस आणि एकोणतीस घाईत बोलले तर सारखेच लागतात. सहकाऱ्यांना सांगा, आकडा बोलून लगेच सुटा करा : सदतीस, तीन-सात. यात संकोच नको. खातं नंबर तर सगळे असेच सांगतात. मुलीने वर्तमानपत्रातली बातमी वाचायची, तुम्ही बोटाने ओळ धरायची आणि ती थांबली की पुढचा शब्द सांगायचा, हाही चांगला सराव. फोन मात्र दोन-तीन महिने थांबू द्या. सुरुवात ब्लूटूथवरून, ओळखीच्या माणसाशी, ठरलेल्या विषयावर. आणि व्हिडिओ कॉल असेल तर ओठांचा आधार मिळतो. तुमच्यासारख्या, पूर्वी ऐकलेल्या माणसांची मोठी प्रगती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, पुढे वर्षभर थोडी थोडी. लग्नाचा हॉल आणि लोकलचा दरवाजा वर्षानंतरही अवघडच राहतील.

आता पावसाळा. पावसापेक्षा घाम जास्त नुकसान करतो. हल्लीचे प्रोसेसर शिंतोडे सहन करतात. पण कानामागे साचलेला घाम मायक्रोफोनच्या जाळीत आणि बॅटरीच्या संपर्कपट्ट्यांवर बसतो, मग आवाज घोगरा होतो किंवा तुटतो. रोज रात्री बॅटरी काढून, कोरड्या फडक्याने पुसून प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये (ओल शोषणाऱ्या डबीत) ठेवायचा. जून ते सप्टेंबर साध्या सिलिका जेलपेक्षा विजेवरचा ड्रायर बरा. जेल वापरत असाल तर रंग बदलला की गोळी बदला. मायक्रोफोनचं आवरण कंपनी सांगेल त्या मुदतीला बदला. भिजलाच तर लगेच बंद करून बॅटरी काढा आणि रात्रभर ड्रायरमध्ये ठेवा. केसांचा हेअर ड्रायर नको आणि ऊनही नको. आणि एक चूक टाळा : पावसात प्रोसेसर प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून एकवेळचे सेल वापरू नका. ते झिंक-एअरचे असतात, हवा मिळाली तरच चालतात. गुंडाळलं की थोड्या वेळात बंद, आणि माणूस समजतो मशीन बिघडलं. पावसाळ्यात रिचार्जेबल बॅटरीच घ्या, दुसरी भरलेली पर्समध्ये.

गर्दीत कॉइल निघतेच, कुणाची बॅग लागली तरी. म्हणून प्रोसेसरला दोरा-क्लिप लावून तो ड्रेसला किंवा ब्लाउजला अडकवा आणि दरवाज्यात उभं राहणार असाल तर आधीच काढून ठेवा. निघते म्हणून जास्त ताकदीचं चुंबक मात्र हट्टाने मागू नका. चकतीखाली लाली किंवा दुखरेपणा आला तर चुंबक जोरदार आहे. दुर्लक्ष केलं तर तिथली त्वचा खराब होते. पदर किंवा ओढणी मायक्रोफोनवरून घेतली की खरखर येते, तीही बिघाड समजू नका.

आतल्या भागावर कंपन्या साधारण १० वर्षांची हमी देतात, बाहेरच्यावर बरीच कमी. प्रोसेसर पुढे कधीतरी बदलावा लागेल आणि तेव्हा पुन्हा लाखांत खर्च येईल. निवृत्तीच्या पैशांतून थोडी रक्कम त्यासाठी बाजूला ठेवा. मॉडेल निवडताना आतलं चुंबक न काढता किती टेस्लापर्यंत (एमआरआय मशीनच्या चुंबकाची ताकद यात मोजतात) एमआरआय चालतो, हे विचारा. तुमचं वय ५६ आहे, पुढे कधी गुडघ्याचा किंवा कमरेचा एमआरआय लागू शकतो. कंपनीचं कार्ड कायम पर्समध्ये असू द्या. एमआरआयआधी आणि कुठल्याही ऑपरेशनआधी ते दाखवायचं, कारण डोक्या-मानेजवळ मोनोपोलर कॉटरी (ऑपरेशनमध्ये विजेने कापण्याचं, रक्त थांबवण्याचं साधन) वापरली तर आतला भाग निकामी होऊ शकतो. डोक्या-मानेला डायथर्मीचा, म्हणजे विजेच्या यंत्राने दिलेला, शेकही चालत नाही, तेव्हा मानदुखीसाठी फिजिओथेरपीला गेलात तर कार्ड आधी पुढे करा.

पहिली तपासणी ठरवाल तेव्हा घरातले जुने ऑडिओग्राम, अगदी पस्तिशीतलाही सापडला तर, सोबत न्या. डावा कान नेमका कधी आणि किती वेगाने गेला हे त्या कागदांवरून कळतं, आणि कोणत्या कानाला इम्प्लांट करायचं ते ठरवायला डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. मुलीलाही बरोबर घ्या. मॅपिंगच्या तारखा आणि घरचा सराव यांत तिचा वेळ जाणार आहे, तर तिचे प्रश्न तिने तिथेच विचारलेले बरे.